जीआरईच्या तयारीआधीची गणिताची उजळणी

परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी अनेक विद्यापीठे ग्राह्य धरतात त्या जीआरई परीक्षेच्या गणित विभागात त्रिकोणमिती किंवा कलनशास्त्र विचारले जात नाही; अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि माहितीचे विश्लेषण, म्हणजे सरासरी, मध्यक, संभाव्यता यांसारखे घटक, एवढाच या विभागाचा आवाका असून त्यातील बराचसा भाग दहावीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांत येऊन गेलेला असतो. तरीही दहावीनंतर गणित सुटलेल्या कला शाखेच्या पदवीधरांना हाच विभाग डोईजड होतो आणि धास्तावलेले पालक लगेच महागड्या शिकवणीकडे वळतात.

अशा विद्यार्थ्यांचे घोडे अडते ते सूत्रांपाशी क्वचितच. संख्यांशी असलेली सलगी तुटलेली असते, हे खरे कारण आहे. या परीक्षेत दोन राशी देऊन त्यांतील मोठी कोणती, की त्या समान आहेत, की दिलेल्या माहितीवरून काहीच ठरवता येत नाही, असे विचारणारा एक प्रश्नप्रकार असतो. क्ष ही धन संख्या असेल, तर क्ष आणि क्षचा वर्ग यांत मोठे काय, या प्रश्नाला बहुतेक जण ‘वर्ग’ असे उत्तर देतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर 3 आणि 9 असतात. परंतु क्ष 1 असेल तर दोन्ही राशी समान होतात आणि 1/2 असेल तर वर्ग 1/4, म्हणजे उलट लहान, भरतो, म्हणून उत्तर ‘ठरवता येत नाही’ हेच आहे.

म्हणूनच उजळणीचा आरंभ सराव परीक्षेने न करता बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकापासून पुढे प्रत्येक इयत्तेतील काही सरावसंच सोडवून करावा, आणि चुका जिथे वाढू लागतात तिथेच मुक्काम ठोकावा. पदवीधराला सहावीचे पुस्तक हाती घेण्यात कमीपणा वाटू नये, याची काळजी घरच्यांनी घेतली पाहिजे. सर्वाधिक वेळ अपूर्णांकांना द्यावा, कारण गुणोत्तर आणि शेकडेवारी त्यांच्यावरच उभी आहेत. किंमत 25 टक्क्यांनी वाढली म्हणजे ती सव्वापट, अर्थात 5/4 पट, झाली. ती मूळ पदावर यायची तर 4/5 पट व्हावी लागते, म्हणजे 20 टक्क्यांनीच उतरावी लागते, हे ज्याला अपूर्णांकातून दिसते त्याला वेगळे सूत्र लागत नाही. त्यानंतर घातांक, समीकरणे आणि शेवटी भूमिती घ्यावी.

पडद्यावर गणकयंत्र मिळते खरे, पण 27 प्रश्नांना एकूण 47 मिनिटेच असल्याने साधे भागाकारही त्याच्यावर सोपवणाऱ्याचा वेळ सहज निसटतो. गुण 5 वर्षे ग्राह्य राहत असल्याने पाया कच्चा असताना तारीख नोंदवण्याची घाई पालकांनी करू नये. शालेय सरावसंच न अडखळता सुटू लागले, की मगच परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या विनामूल्य सराव परीक्षा वेळ लावून सोडवायला घ्याव्यात.