कृषी पदवीचा खरा वर्ग प्रक्षेत्रावर

बारावीचा निकाल लागतो, मेडिकलला गुण कमी पडतात आणि मग अनेक घरांत बी.एस्सी. कृषीचा अर्ज भरला जातो. बऱ्याचदा अर्ज भरतानाच पुढचं ठरलेलं असतं: पदवी मिळाली की पुण्यात खोली घ्यायची आणि एमपीएससीच्या मागे लागायचं. स्पर्धा परीक्षा देऊ नये, असं मी म्हणणार नाही. पण पदवीकडे नुसती पात्रतेची अट म्हणून पाहिलं, तर तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हातची जाते. संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर उभं राहून प्रयोग मांडणं, तो राखणं आणि त्यातून भरवशाचं उत्तर काढणं, ही ती गोष्ट. हे कौशल्य ज्याच्या हाताला आहे, त्याला सरकारी जाहिरातीवर डोळे लावून बसावं लागत नाही.

फलटण तालुक्यातलं पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र घ्या. 1932 साली सुरू झालेलं हे केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला को 86032 हा वाण मुळात कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेतला. त्याच्या नावातला 86 हा आकडा 1986 या वर्षाचा. आपल्या शेतकऱ्याला त्याची शिफारस झाली ती साधारण दहा वर्षांनी. मधली वर्षं उगाच गेली नाहीत. कोईमतूरला उसाला तुरा चांगला येतो म्हणून संकर तिथे होतात, पण तिथे उतरलेला ऊस आपल्या काळ्या जमिनीत, आपल्या पाण्यावर टिकेलच असं नाही. म्हणून पाडेगावसारख्या केंद्रावर आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अशा तिन्ही हंगामांत तो लावून पाहावा लागतो, त्याचा खोडवा पाहावा लागतो. ऊस पक्व झाला का, हे ठरवायला उभ्या उसाच्या बुडाकडच्या आणि शेंड्याकडच्या कांडीतून रसाचे थेंब काढून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतात आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं, प्रमाण वाचतात. दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे आले, की ऊस तोडणीला आला. काम साधं दिसतं, पण शेकडो नोंदी एकाच काटेकोरपणे घ्यायला शिस्त लागते, आणि ती पुस्तकातून येत नाही.

त्याहून महत्त्वाची शिकवण वेगळी आहे. एखादा प्लॉट तरारलेला दिसला, तर तो वाणाचा गुण, की शेजारच्या पाटातून झिरपलेल्या पाण्याचा? हा घोळ टाळायला एकच वाण शेतात वेगवेगळ्या ठिकाणी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने, पुन्हा पुन्हा लावतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि पीकप्रयोगांच्या नोंदींवर काम करताना त्यांनी हे शास्त्र घडवलं. आज नव्या औषधाची चाचणीसुद्धा याच तत्त्वावर चालते. म्हणजे शेतीच्या प्लॉटवर संख्याशास्त्र शिकलेला विद्यार्थी जगभर चालणारी विद्या शिकलेला असतो. बियाणे कंपन्यांचे चाचणी विभाग, साखर कारखान्यांची ऊस विकास खाती, कृषी विज्ञान केंद्रं, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राजगुरुनगरची कांदा-लसूण, सोलापूरची डाळिंब आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था, जुन्या गोव्यातली किनारी शेतीची संस्था: या सगळ्यांना अशीच माणसं लागतात.

पालकांची हरकत ठरलेली असते: विद्यापीठांतल्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत, भरती रखडते, मग भरवसा कशाचा? हरकत खरी आहे. कायम जागा थोड्या, आणि पदव्युत्तर शिक्षणानंतरही काही वर्षं प्रकल्पावर कंत्राटी काम करावं लागू शकतं. कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची परीक्षा कठीण आहे. घरात तातडीने पगार यायला हवा असेल, तर संशोधनाचा लांबचा रस्ता धरू नये, हे मी स्पष्ट सांगेन; त्या मुलाने पदवीनंतर खाजगी क्षेत्रात शिरावं. पण अनिश्चितता मोजायचीच, तर दोन्हीकडची मोजावी. स्पर्धा परीक्षेत चार-पाच वर्षं घालवून यश आलं नाही, तर त्या वर्षांतून दुसरीकडे चालेल असं फारसं काही उरत नाही. चार हंगाम प्रयोग सांभाळलेल्याकडे मात्र दाखवायला काम असतं. दुसरी हरकत मुलींबाबत येते: आडगावचं केंद्र, उन्हातलं काम. राहण्याची आणि येण्याजाण्याची सोय काय आहे, हे विचारायलाच हवं. मात्र हे काम मुलींना झेपणार नाही, हा नुसता समज आहे. कृषी महाविद्यालयांत मुली मोठ्या संख्येने शिकत आहेत, आणि काटेकोर नोंदी ठेवण्यात मुलगा-मुलगी असा भेद नसतो.

म्हणून प्रवेशफेरीत पसंतीक्रम भरताना नुसतं शुल्क आणि शहरापासूनचं अंतर पाहू नका. काही महाविद्यालयांचं प्रक्षेत्र नावापुरतंच असतं. महाविद्यालयाची स्वतःची जमीन किती, तिला पाणी आहे का, जवळ कोणतं संशोधन केंद्र आहे, अंतिम वर्षाच्या कार्यानुभवात विद्यार्थ्याला प्रयोगावर प्रत्यक्ष काम मिळतं की फक्त अहवाल लिहून घेतात, हे तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा. जमलं तर अर्ज भरण्याआधी, केंद्राची परवानगी घेऊन, मुलाला एक अख्खा दिवस प्लॉटवर काढू द्या. दुपारी तीनच्या उन्हातही त्याला पुढच्या ओळीतल्या नोंदीची उत्सुकता वाटत असेल, तर पसंतीक्रमात कृषी वर घ्यायला हरकत नाही.