संगणकीय अध्यापन आणि संप्राप्तीचा प्रश्न

चरकसंहितेच्या विमानस्थानात ज्ञानवृद्धीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पैकी पहिल्या उपायास संगणकाने भरपूर साहाय्य केले आहे. उरलेल्या दोहोंचे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आमच्या चिकित्सालयात एक आंतरवासीय विद्यार्थी येत असे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेसाठी तो भ्रमणध्वनीवर रोज बहुपर्यायी प्रश्न सोडवी; चुकलेला प्रश्न सॉफ्टवेअर काही दिवसांनी त्यास पुन्हा विचारी. स्मरण दृढ होण्यास ही रीत निःसंशय उपकारक आहे. ज्वरातील दुग्धपानाविषयी विचारताच 'हितकर' हा पर्याय तो क्षणात निवडी. एके दिवशी दोन दिवसांचा ज्वर, साम जिव्हा व अरुची असलेल्या रुग्णास त्याने दूध घेण्यास सांगितले. आम्ही शेजारीच होतो, म्हणून सल्ला वेळीच बदलता आला. जीर्णज्वरात अमृतासमान असणारे दूध तरुणज्वरात वर्ज्य का, हे विचारता तो गप्प राहिला. दोष त्याचा एकट्याचा नव्हे; आम्हीही त्यास एका शब्दात उत्तर मावेल असेच प्रश्न विचारीत आलो होतो.

हाच पेच अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात फार पूर्वी उभा राहिला होता. तेथे १९७० च्या दशकात 'मायसिन' ही प्रणाली सिद्ध झाली. रक्तातील जंतुसंसर्ग व मस्तिष्कावरणशोथ यांत कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती सुमारे ४५० नियमांच्या आधारे सुचवी. विल्यम क्लॅन्सी यांनी १९७९ मध्ये तिच्यावर 'गायडन' नावाचा संगणकीय अध्यापक उभारला. विद्यार्थ्यापुढे रुग्णवृत्त ठेवले जाई. तो कोणती माहिती विचारतो, याची तुलना मायसिनच्या विचारक्रमाशी होई आणि तो भरकटला की गायडन हस्तक्षेप करी.

अडचण निराळीच निघाली. 'आठ वर्षांखालील बालकास टेट्रासायक्लिन देऊ नये' हा नियम यंत्रात होता. परंतु हे औषध वाढत्या दातांतील व अस्थींतील कॅल्शियमशी बद्ध होते व दात कायमचे डागाळतात, हे कारण त्यात नव्हते. चिकित्सा सुचविण्यास त्याची गरजच पडत नव्हती. शिकविण्यास मात्र पडत होती, कारण कारणाविना नियम विद्यार्थ्याच्या ध्यानात राहात नाही आणि त्याला अपवाद केव्हा करावा हेही कळत नाही. पुढे 'निओमायसिन'मध्ये निदानाची रीत रोगज्ञानापासून वेगळी, उघडपणे मांडावी लागली. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर मायसिनपाशी रूप आणि चिकित्सा होती, संप्राप्ती नव्हती.

आजची संवाद साधणारी सॉफ्टवेअरे कारणही सांगतात, तेही सफाईदार मराठीत. मात्र अस्तित्वात नसलेला श्लोकक्रमांकही ती तितक्याच आत्मविश्वासाने देतात. म्हणून मूळ संहिता उघडून पडताळल्याविना आम्ही असे उत्तर ग्राह्य धरीत नाही. त्यांचा उपयोग आम्ही उलट्या बाजूने करतो : सॉफ्टवेअरने रुग्ण व्हावयाचे आणि विचारल्याखेरीज काही सांगावयाचे नाही. अग्नी, कोष्ठ, निद्रा यांविषयी विद्यार्थी प्रश्न करतो, त्यानंतर संप्राप्ती स्वहस्ते कागदावर लिहितो. गुण त्या कागदाला; पर्यायांना नव्हे.

औषधालयाच्या मालकांनाही एक विनंती आहे. रास्नेचे गुणधर्म पडद्यावर अचूक सांगणारा विद्यार्थी गोणीतील द्रव्य ओळखू शकत नाही. त्यात या एका नावाने बाजारात निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. महिन्यातून एक दुपार त्यास आपल्या भांडारात उभे राहू द्यावे, द्रव्य हाताळू द्यावे, वास घेऊ द्यावा. ही परीक्षा अद्याप कोणत्याही संगणकाला घेता आलेली नाही.