बँकेला कारखाना का हवा असतो?

गावात पाटाचे पाणी आले की शेतकरी ऊस लावतो. ऊस झाला की कारखान्याची गोष्ट निघते. ही गोष्ट कधी पुढारी काढतो, कधी व्यापारी काढतो. कधी बँकेचा माणूसही काढतो. तो सभेला येतो, सरकारदरबारी खेटे घालतो. तुम्ही म्हणाल, बँक तर कर्ज देणारी. तिला कारखान्याचे काय पडले आहे?

प्रवरा नदीच्या काठची हकीकत ऐका. हा भाग अहमदनगर जिल्ह्यातला. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. तिथे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पण उसाला पैसा फार लागतो. खत, पाणीपट्टी, मजुरी, सगळे आधी आणि पीक वर्षाने. सावकार तर दारात होताच. दुसरीकडे मुंबईची प्रांतिक सहकारी बँक होती. ती १९११ साली निघाली. वैकुंठभाई मेहता यांनी तिचा कारभार कित्येक वर्षे पाहिला. ही बँक गावोगावच्या सोसायट्यांमार्फत ऊसवाल्यांना कर्ज देई. लोणी बुद्रुक येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली अशीच सोसायटी काढली होती.

त्या वेळी उसाचा गूळ करीत. गुऱ्हाळ लावायचे, काहिलीत रस आटवायचा, ढेपा गाडीत घालून बाजारी न्यायच्या. भाव चढला तर घरात लग्नकार्य निघे. पडला तर बैल विकावे लागत. १९२९ नंतर साऱ्या जगात मंदी आली. गुळाचा भाव कोसळला. शेतकऱ्याचे कर्ज थकले. आता नीट पहा, शेतकऱ्याचे कर्ज थकले म्हणजे बँकेचाच पैसा अडकला.

गूळ शंभर वाटांनी विकला जातो. अडत्या आपले कापून घेतो, सावकार वाटेत उभा असतो. बँकेची पाळी शेवटी. कारखान्यात तसे नाही. साऱ्या भागाचा ऊस एका काट्यावर येतो. पैसा एका कचेरीतून निघतो. तिथेच सोसायटीचे कर्ज आधी वळते होते, उरलेले शेतकऱ्याच्या हाती पडते. बँकेला दारोदार हिंडावे लागत नाही. शिवाय कारखान्यालाही मोठे कर्ज लागते, त्याचे व्याज निराळे. कळले ना, बँकेला कारखाना का हवा असतो? यात लबाडी नाही. घेतलेले कर्ज फेडायचेच असते. पण बँकेचा लाभ कशात आणि आपला कशात, हे आपल्याला वेगवेगळे ओळखता आले पाहिजे.

कारखाने त्या भागात आधीही होते. हरेगावला होता, टिळकनगरला होता. ते खाजगी होते. ते शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेत व स्वतःच ऊस करीत. कालचा जमीनधनी आज आपल्याच बांधावर रोजाने खुरपायला जाई. म्हणून लोणीकरांचा सवाल नुसता "कारखाना हवा का?" एवढा नव्हता. "कारखाना कोणाचा?" असा होता.

१९४५ साली बागायतदारांची परिषद भरली. धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. ते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ. शेतकऱ्यांनीच सहकारी कारखाना काढावा, असे त्यांचे मत होते. पुढल्याच वर्षी वैकुंठभाई मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. बँक सांभाळलेला माणूस आता सरकारी तिजोरीपाशी बसला! त्यांचे पाठबळ मिळाले. विठ्ठलराव गावोगाव फिरले आणि लोकांकडून भागाचे, म्हणजे शेअरचे, पैसे गोळा केले. पैसे देणे लोकांना सोपे नव्हते. कुळकर्ण्याच्या कागदावर अंगठा उठवून घरे बुडालेली त्यांनी पाहिली होती. ३१ डिसेंबर १९४८ रोजी कारखान्याची नोंदणी झाली. १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले.

आता तुमच्या पावतीकडे या. समजा, तुमचा ऊस ४० टन गेला. भाव टनाला ३,००० रुपये. झाले १,२०,००० रुपये. तोडणी-वाहतूक टनाला ७०० धरली, तर २८,००० गेले. राहिले ९२,०००. सोसायटीचे कर्ज ५०,००० आणि व्याज ३,००० गेले. हाती आले ३९,०००. यातली प्रत्येक कपात पावतीवर वेगळी लिहिलेली असली पाहिजे. "इतर" असे लिहून रक्कम कापली असेल, तर विचारा, "साहेब, हे इतर म्हणजे काय?"

आणखी एक गोष्ट आहे. साखर गोदामात पडून असते, पण शेतकऱ्याला पैसे लवकर द्यायचे असतात. मग कारखाना ती साखर बँकेकडे तारण ठेवतो. साखर कारखान्याच्या आवारात, पण तिच्यावर ताबा बँकेचा. पोती विकली की बँकेचे आधी फिटते. भाव पडला की बँक हात आखडते आणि आपले बिल लांबते. कायदा मात्र सांगतो, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत. उशीर झाला तर दरसाल दर शेकडा १५ प्रमाणे व्याज द्यावे. हा हुकूम १९६६ सालचा आहे.

कर्ज थकले तर काय होते, हेही पहा. मुंबईची ती जुनी बँक पुढे महाराष्ट्र राज्य सहकारी बँक झाली. सहकारी कारखाने उभे करायला हिनेच हात दिला होता. २००० सालानंतर थकलेल्या कर्जापोटी हिनेच अनेक कारखाने विकायला काढले. ते खाजगी लोकांनी घेतले. ज्यांच्या बापाने, आज्याने भाग घेतले होते, त्यांच्या हाती भागाचा कागद राहिला, कारखाना राहिला नाही. बँकेचेही सारे सुरळीत नव्हते. २०११ साली रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ दूर करून प्रशासक बसवले.

कारखाने काही एका रात्रीत बुडाले नाहीत. देणे किती झाले, हे दर वर्षीच्या अहवालात लिहिलेले असते. तो अहवाल सभासदाला मिळतो. लोक पहिल्या पानावरचे फोटो पाहतात आणि अहवाल फळीवर टाकतात. तुमच्या घरी तो असेल तर आज खाली काढा. मागच्या बाजूला आकड्यांची पाने असतात. त्यांत "कर्जे" हा शब्द शोधा. त्याच्यापुढे दोन आकडे असतील, एक गेल्या सालचा, एक यंदाचा. कोणता मोठा आहे, ते वहीत लिहून उद्या वर्गात आणा.