करडांचे जंत व झाडपाल्याचा उपाय

पावसाळा अर्धा सरला म्हणजे खेड्यापाड्यांत करडें मरूं लागतात. चार महिन्यांचें, काल उड्या मारणारें करडू आज मान टाकतें, आणि घरधनीण म्हणते कीं दृष्ट लागली. वाचकहो, बहुधा ती दृष्ट नसते. करडाच्या चौथ्या पोटांत हिमाँकस नांवाचा बारीक जंत अस्तरास चिकटून रक्त पीत असतो. त्याची एक मादी दिवसास ५,००० ते १०,००० अंडीं घालते. तीं लेंड्यांवाटे कुरणांत पडतात, दमट हवेंत त्यांतून अळ्या निघतात, व त्या ओल्या पात्यांवर चढून पुन्हां करडांच्या पोटांत जातात. तेथें सुमारें ३ आठवड्यांत त्यांचे अंडीं घालणारे जंत होतात. झाडाचा वरचा पाला खाणाऱ्या शेळीस हें भय थोडें. जमिनीलगतचें गवत खुडणाऱ्या करडास फार.

मग झाडपाल्यानें जंत जातात काय? पाल्यानें जंतांस आळा बसतो, इतकेंच आम्ही म्हणूं. तुरट पाल्यांत टॅनिन नांवाचें द्रव्य असतें, त्यानें जंतांचें अंडीं घालणें मंदावतें. अमेरिकेच्या दक्षिण भागांत शेळ्यांस लेस्पेडेझा नांवाचा द्विदल चारा वाळवून घातला असतां लेंड्यांतील अंडीं घटल्याचें वारंवार दिसून आलें आहे. करडांस हगवण लावणाऱ्या कॉक्सिडिया नामक सूक्ष्म जीवांवरहि त्याचा गुण आढळला. आपल्याकडे बाभळीच्या शेंगांत असेंच तुरट द्रव्य आहे. मात्र तें अति झाल्यास चारा अंगीं लागत नाहीं. सुबाभूळ पौष्टिक खरी, परंतु तिच्या पाल्यांत मिमोसीन नांवाचें विष असल्यामुळें केवळ तिच्यावरच करडें ठेवूं नयेत. पळसपापडी व वावडिंग हीं वैद्यांचीं जुनीं जंतनाशक औषधें होत. कडुनिंबाचा अनुभव मात्र एकसारखा नाहीं.

येथें आमचीच चूक सांगणें प्राप्त आहे. एका विधवा भगिनीच्या दोन करडांच्या जबड्याखालीं सूज आली होती. आम्हीं मोठ्या विश्वासानें कडुनिंबाचा रस पाजावयास सांगितलें. त्यांत चार दिवस गेले, व पांचव्या दिवशीं दोन्ही करडें मेलीं. ती सूज म्हणजे अंगांतील रक्त आटल्याची खूण, हें आम्हांस मागाहून पशुवैद्यांनीं सांगितलें. त्या करडांच्या विक्रींतून तिच्या मुलीचीं पुस्तकें यावयाचीं होतीं. बाईनें आम्हांस शब्दानेंहि दोष दिला नाहीं, व तेंच आम्हांस अधिक लागलें.

म्हणून पाला तोडण्यापूर्वीं करडाची खालची पापणी उलटून पाहावी. दक्षिण आफ्रिकेंत ह्यासाठीं फामाचा नांवाचा ५ रंगांचा तक्ता तयार झाला आहे. पण तक्ता नसला तरी डोळे आहेतच. पापणी लाल असेल तर तुरट पाला, मूठभर शेंगा व थोडी पेंड पुरे. पेंड गरिबास महाग पडते, हें आम्ही जाणतों. तथापि पोटभर प्रथिन मिळालेलें करडू जंतांशीं अधिक झुंजतें. पापणी पांढुरकी दिसली तर त्याच दिवशीं जनावरांच्या दवाखान्यांत न्यावें व वजनाप्रमाणें औषध घ्यावें. सगळ्या कळपास दर महिन्यास औषध पाजण्याची चाल मात्र सोडावी, कारण तिनें औषधास न जुमानणारे जंत तेवढे मागें उरतात. सकाळीं दंव वाळल्यावांचून करडें चरावयास सोडूं नयेत, आणि डाहळी जमिनीवर न टाकतां त्यांस मान वर करावी लागेल इतकी उंच बांधावी.