अंगदुखीची गोळी आणि अंगावर उठणारे 'पित्त'



गळीत हंगाम सुरू झाला की दवाखान्यात कंबरदुखी आणि डोकेदुखीची रांग लागते. त्यातले बरेचजण दुकानातली गोळी घेऊनच आलेले असतात. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पहाटे कोयता हातात घेणाऱ्याने तपासणीसाठी खाडा करायचा तरी कधी? पण गोळी कोणती घेतली हे माहीत पाहिजे.

मागे एका ट्रॅक्टरचालकाने पाठ धरली म्हणून गावाकडे इंजेक्शन घेतले. अंगभर गांधी उठल्या. घरच्यांनी 'पित्त उठलं' म्हणून आमसुलाचे पाणी लावले, गांधी बसल्या. इंजेक्शन कशाचे ते कोणी सांगितले नाही, यानेही विचारले नाही. 'आपल्याला इंजेक्शन सोसत नाही' एवढेच त्याने मनाशी धरले. पुढे हंगामात दाढ दुखू लागली, तेव्हा दुकानातून गोळी आणली. इंजेक्शनही डायक्लोफिनॅकचे आणि गोळीही डायक्लोफिनॅकचीच! वीस मिनिटांत ओठ-पापण्या सुजल्या, घसा आवळला, नाडी हाताला लागेना. मुकादमाने मोटारसायकलवर मधे बसवून आणला. (खरे तर आडवा झोपवून आणायला हवा होता, पण जीप नव्हती.) वेळेवर पोचला म्हणून वाचला.

असे का होते? दुखणे आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे ती तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. त्या कामाबद्दल त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आता पाटाचे एक दार बंद केले की पाणी दुसऱ्या चारीला धावते, तसेच काही माणसांत होते. ल्युकोट्राइन नावाची दुसरी द्रव्ये वाढतात आणि श्वासनलिका आवळतात. ज्याला दमा आहे आणि नाकात मांस वाढलेले आहे, त्याला हा धोका विशेष. अशा माणसाला ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी कुठलेच सोसत नाही. गोळी बदलून उपयोग नाही. काहींना मात्र एकाच औषधाचे वावडे असते, बाकीची चालतात. आपण कुठल्या गटातले, हे डॉक्टरांनी ठरवायचे. घरी गोळी खाऊन परीक्षा पाहायची नाही.

आणखी एक, आजवर चाललेली गोळी उद्याही चालेल असे नाही. वावडे मध्येच कधीही सुरू होते.

नावांचा घोटाळा तर फारच. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन, वोव्हेरान म्हणजे डायक्लोफिनॅक. कॉम्बिफ्लाम ही 'तापाची साधी गोळी' म्हणून घेतात, पण तिच्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते. बायका पाळीच्या दुखण्यावर घेतात त्या मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड आहे. या औषधाने काहींना ताप, अंगभर पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा होते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ साली दिला. हा त्रास गोळी सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे गोळीवर संशयच जात नाही. नुसते पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम बहुतेकांना सोसते, पण दम्याच्या रोग्याने तेही विचारून घ्यावे.

गोळीनंतर नुसती खाज सुटली तरी ती गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवा. पण आवाज घोगरा झाला, धाप लागली, जीभ सुजली, घेरी आली, तर 'बघू थोडं' म्हणून थांबायचे नाही. १०८ ला फोन लावा. रोग्याला आडवे करून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभे करून चालवू नका. यावर खरे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण आवळलेला घसा मोकळा करीत नाही की पडलेला रक्तदाब उचलत नाही, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये. बरे वाटले तरी काही तास दवाखान्यात थांबावे, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

पाकिटाच्या मागे औषधाचे मूळ नाव इंग्रजीत असते. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. गोळ्या पाकिटातून कापून सुट्या घेऊ नका, नाव दुसऱ्याच तुकड्यावर राहते. तो ट्रॅक्टरचालक आता आधारकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत एक चिठ्ठी बाळगतो: 'डायक्लोफिनॅक चालत नाही. गोळी, इंजेक्शन, मलम, काहीही नको.' तशीच दुसरी चिठ्ठी त्याच्या बायकोकडे आहे, आणि तिसरी त्याने मुकादमाला देऊन ठेवली आहे.