उन्हाळ कांदा: मायकोरायझा द्या तो रोपवाटिकेतच

उन्हाळ कांद्याची रोपं टाकायचे दिवस आले. यंदा मायकोरायझा वापरायचा विचार असेल तर लागवडीची वाट पाहू नका, गादीवाफ्यातच द्या.

कांद्याची मुळं उथळ, जाडसर, फांद्या कमी आणि केसमुळं जवळपास नाहीतच. स्फुरद तर जमिनीत फारसा हलत नाही. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटर मातीतला संपला की बोटभर अंतरावरचाही पिकाच्या हाती लागत नाही. चुनखडीच्या काळ्या रानात तो चुन्याशी बांधला जातो, ते वेगळंच. मायकोरायझा या बुरशीचे तंतू मुळात शिरतात आणि बाहेर काही सेंटीमीटरपर्यंत पसरतात. जिथे मूळ घुसत नाही अशा बारीक पोकळ्यांतून ते स्फुरद आणि जस्त ओढून आणतात. बदल्यात पिकाकडून साखर घेतात. जमिनीत स्फुरद नसेलच तर मात्र बुरशी तरी कुठून आणणार? नत्र स्थिर करणं तर तिचं कामच नव्हे.

ट्रायकोडर्मा गुळाच्या पाण्यात वाढवतात, म्हणून बरेच जण मायकोरायझाही टाकीत भिजत घालतात. ते पैसे पाण्यात. ही बुरशी जिवंत मुळावरच वाढते, त्यामुळे ती मुळाच्या वाटेत पडली पाहिजे. एकरभर कांद्याला रोपवाटिका लागते साधारण दोन गुंठे. तेवढ्याच जागेत, बियाण्याच्या रेघेत, पुडीवर लिहिलेल्या मात्रेने टाका, वर मातीचा पातळ थर द्या आणि मग बी पेरा. रोप सहा-सात आठवडे वाफ्यात असतं. मुळात बुरशी बसायला एवढा वेळ पुरतो. पुडीवरची मुदत पाहूनच घ्या, आणि ती उन्हात ठेवू नका.

वाफ्यात डीएपीचा मारा टाळा. स्फुरद भरपूर मिळाला की पीक बुरशीला थारा देत नाही. माती परीक्षणात स्फुरद आधीच जास्त निघाला असेल तर पुडी न घेतलेलीच बरी. रोपं कोलमडतात म्हणून कार्बेन्डाझिमची आळवणी करण्याची सवय असते. तिने ही बुरशीही दबते. त्याऐवजी शेणखतात मिसळून ट्रायकोडर्मा द्या.

मका, बाजरी, सोयाबीन निघालेल्या रानात ही बुरशी बहुधा असतेच. कोबी, फ्लॉवर, मोहरीच्या मुळांत ती बसत नाही. त्यामुळे कोबीनंतर कांदा घेणाऱ्यांना पुडीचा फायदा जास्त दिसण्याची शक्यता आहे.