माकडे मरू लागली तेव्हा

रानात एखादे माकड मरून पडले तर ती बातमी सहसा गावाबाहेर जात नाही. पण १९५७ सालच्या मार्च महिन्यात अशी एक बातमी थेट पुण्यापर्यंत पोहोचली. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. तेथे वानरे आणि लालतोंडी माकडे एकामागून एक मरत होती आणि त्याच सुमारास जंगलाकाठच्या गावांतील माणसेही कडक तापाने अंथरुणाला खिळत होती.

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ या बातमीने सचिंत झाले. दक्षिण अमेरिकेतील जंगलांत माकडे मरू लागली, की ती पीतज्वराची सूचना समजतात. पीतज्वर भारतात कधीही आढळलेला नाही. परंतु तो पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास आपल्या घरांतील रांजणांत आणि टाक्यांत सुखाने नांदत असतो. रोगाचे वाहन दाराशी उभे आणि लोकांच्या अंगी त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही! खरोखरच पीतज्वर आला असता, तर काय अनर्थ झाला असता याची कल्पना करा.

केंद्रातील डॉ. टेलफर्ड वर्क, डॉ. हॅरल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे सहकारी शोधाला लागले. जिवाणू मांसाच्या रश्शावर वाढविता येतात. विषाणूंना मात्र जिवंत पेशीच लागते. म्हणून रुग्णांचे रक्त आणि मेलेल्या माकडांच्या अवयवांचा अर्क पांढऱ्या उंदरांच्या पिलांना टोचण्यात आला. पिले आजारी पडली आणि त्यांच्यापासून विषाणू मिळाला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याच कुळातला, पण रशियाच्या जंगलांत मेंदूज्वर उत्पन्न करणाऱ्या विषाणूचा तो जवळचा नातेवाईक निघाला. रशियातला तो विषाणू डासांमार्फत पसरत नाही, तर गोचिडींमार्फत पसरतो. मग क्यासनूरच्या पाचोळ्यातल्या गोचिडी तपासल्या गेल्या आणि तेथेही नवा विषाणू सापडला. या रोगाला ‘क्यासनूर जंगल रोग’ असे नाव मिळाले. कोकणात त्याला ‘माकडताप’ म्हणतात.

आता या गोचिडीचे चरित्र पाहू, कारण सारे मर्म त्यातच आहे. हीमॅफायसॅलिस स्पिनिजेरा हे तिचे नाव. आयुष्यात ती तीनदा पोटभर रक्त पिते आणि प्रत्येक वेळी नवा प्राणी गाठते. अंड्यातून निघालेल्या पिलाला सहा पाय असतात. पावसाळा सरत असताना ते उंदीर, चिचुंद्री, माकड अशा प्राण्यांना चिकटते. रक्त पिऊन खाली पडते, कात टाकते आणि आठ पायांचे होते. पहिल्या जेवणात विषाणू पोटात गेला असेल, तर कात टाकल्यावरही तो अंगात टिकून राहतो. हे आठ पायांचे पिलू तिळाहूनही लहान असते. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात ते दुसऱ्या जेवणाच्या शोधात पाचोळ्यात आणि गवतावर टपून बसते. लाकूडफाटा आणायला गेलेल्या माणसाला चावते ते हेच. म्हणून माणसांतील साथ हिवाळा-उन्हाळ्यात येते आणि पाऊस लागला की ओसरते.

पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरांच्या रक्तावर पोसते. गुरांना या रोगाचा फारसा उपद्रव होत नाही, पण त्यांच्यामुळे गोचिडींची संख्या मात्र भरमसाट वाढते. जंगल तोडले, तेथे घाणेरीची झुडपे माजली आणि त्यांत गुरे चरू लागली, म्हणून हा रोग उफाळला असावा, असे मत जॉर्ज बोशेल या शास्त्रज्ञाने मांडले होते. मला ते पटण्याजोगे वाटते.

मग हा विषाणू आला कोठून? सैबेरियातून येणारे पक्षी तर गोचिडी आणत नसतील ना, अशी शंका निघाली. तिच्यामुळेच मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोठी योजना सुरू झाली. पक्ष्यांनी विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही, पण पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी अमोल माहिती हाती आली. शास्त्रात असे पुष्कळदा घडते.

या संशोधनाची किंमतही मोजावी लागली. प्रयोगशाळेत आणि रानात काम करणाऱ्या अनेकांना हाच ताप आला. अतिघातक विषाणूंसाठी आज चौथ्या सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा वापरतात. तेथे आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात; त्यामुळे फट पडली तरी हवा आत शिरते, बाहेर पडत नाही. बाहेर सोडायची हवा अतिसूक्ष्म गाळण्यांतून जाते आणि सांडपाणी निर्जंतुक केल्याशिवाय सोडत नाहीत. अशी प्रयोगशाळा पुण्यात २०१२ च्या अखेरीस उभी राहिली. जुने विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. ही प्रयोगशाळा त्याच संस्थेची.

बरीच वर्षे हा रोग शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांत होता. पुढे तो केरळ व तामिळनाडूत आढळला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गच्या दोडामार्ग तालुक्यात आला. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिलांचा हंगाम नेमका एकच! बागेत बी वेचायला जाऊ नका, असे ज्याचे पोट काजूवर आहे त्याला कसे सांगणार?

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. कधी हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. विषाणू मारणारे खास औषध नाही. जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने तिचा वापर २०२२ मध्ये थांबला आणि नव्या लसीचे काम हाती घेण्यात आले. एका माणसापासून दुसऱ्याला हा ताप होत नाही. तेव्हा रुग्णाची शुश्रूषा करायला भिऊ नये. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, गोचिडींना दूर ठेवणारे तेल लावावे आणि परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंग नीट तपासावे.

आणि माकड मेलेले दिसले तर? प्राणी मेला आणि त्याचे अंग थंड पडले की गोचिडी त्याला सोडून आसपासच्या जमिनीवर पसरतात. त्यांतल्या कित्येकींच्या अंगात विषाणू असतो आणि सगळ्यांना नवा प्राणी हवा असतो. त्यामुळे मेलेल्या माकडाभोवतीची जागा सर्वांत धोक्याची. तेथे न जाता दुरूनच जागा लक्षात ठेवावी आणि आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवावे. ते लोक भोवती कीटकनाशक मारतात, नमुने घेऊन तपासणीला धाडतात आणि मग ते माकड जाळतात.